खोगीरभरती

"दिसतंय का काही?"

नाना स्वतःच्याच दिवाणखान्यात माझ्याकडे पाठ करून उभे होते. शर्ट पँटीबाहेर सोडलेला, दोन्ही हात किंचित वर, शिंपी माप घेत असल्यासारखे. लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर पाठ असतं. मी न बघताच "अजिबात नाही" म्हणून टाकलं.

"बघितलंसच नाहीस, लेका. आता वाकतो. आता बघ."

जमिनीवर काहीच पडलेलं नव्हतं, पण ते उचलायला नाना वाकले. त्याबरोबर उजव्या कमरेच्या मागच्या बाजूला शर्टाखालून एक चौकोनी कोपरा वर आला. "हां, आता थोडंसं दिसतंय," असं मी म्हणालो आणि पुढचे दोन तास त्याची फळं भोगली.

नाना मूळचे कोल्हापूरचे. सत्तावीस वर्षं ह्यूस्टनमध्ये तेलाच्या पाइपलाइनी आखल्या, आणि आता निवृत्त होऊन केटी नावाच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतात. त्यांच्याकडे एक पिस्तूल आहे, ग्लॉक १९. २०१२ साली घेतलं. दुकानात गेले, हातात धरून पाहिलं, पैसे दिले, घरी आले. पाऊण तासात काम उरकलं. पिस्तुलाबद्दल ते त्यानंतर कधी बोलले नाहीत. ते बोलतात पिस्तूल ज्यात ठेवायचं त्या हॉल्स्टरबद्दल, आणि ते काम अजून उरकलेलं नाही.

मुंबईच्या पोलिसांच्या आणि ज्यांना पोलीस शोधत असतात त्यांच्या बोलीत पिस्तुलाला घोडा म्हणतात. त्या हिशेबानं हॉल्स्टर म्हणजे खोगीर. नानांकडे घोडा एक आणि खोगिरं एकोणीस. गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनच्या वर एका मोठ्या खोक्यात ती राहतात. हे एकट्या नानांचं नाही. अमेरिकेत जो कोणी रोज कमरेला पिस्तूल लावतो त्याच्या घरी असं एक खोकं निघतंच, आपल्याकडे स्वयंपाकघरात डबे हरवलेल्या झाकणांचा एक खण निघतो तसं. नानांनी फक्त प्रत्येक झाकणाची एक्सेलमध्ये नोंद ठेवली आहे.

पिस्तूल का घेतलं, याचं कारण साधं. त्यांच्या गल्लीत एका देशी कुटुंबाकडे चोरी झाली आणि लग्नातलं सगळं सोनं गेलं. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे आता टेक्सासातल्या चोरांनाही कळलं आहे. त्या रात्री वहिनींना झोप लागली नाही आणि शनिवारी नाना दुकानात गेले. मला पिस्तुलं आवडत नाहीत, पण त्या रात्रीची भीती मला समजते. समजत नाही ते पुढचं. त्या चोऱ्या घरी कोणी नसताना होतात, आणि घरी कोणी नसतं तेव्हा नानांचं पिस्तूल नानांच्या कमरेला, नानांबरोबर, किराणा दुकानात असतं. हे मी एकदा बोलून दाखवलं. नाना बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तो मुद्दा वेगळा. तू हे सांग, चालताना कर्रकर्र ऐकू येतं का?"

कर्रकर्र हा लेदरचा आवाज. पहिलं खोगीर लेदरचं होतं, आणि लेदरचंच असणार होतं, कारण हा माणूस कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत लहानाचा मोठा झालेला. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा वास त्यांना शाळेच्या दप्तराआधी ओळखीचा झाला. अमेरिकेतलं चांगलं हॉल्स्टरही असंच झाडाच्या सालींच्या अर्कात कमावलेल्या कातड्याचं करतात. कातडं ओलं करायचं, पिस्तुलाच्या साच्यावर दाबून बसवायचं, हाडाच्या नाहीतर लाकडाच्या गुळगुळीत पट्टीनं कडा उठवायच्या आणि वाळू द्यायचं. पहिलं हॉल्स्टर डब्यातून काढलं तेव्हा नानांनी ते आधी कमरेला लावलं नाही. नाकाला लावलं. "चप्पल लाइन," असं म्हणून ते डोळे मिटून उभे राहिले, आणि वहिनी म्हणतात की डोळ्यांत पाणी होतं. नाना म्हणतात, ऍलर्जी.

शिवाय लहानपणचा फौजदार. त्याचा तो तपकिरी पट्टा, खांद्यावरून आडवी गेलेली पट्टी, कमरेला झाकणाचं हॉल्स्टर. त्या पट्ट्याला सॅम ब्राऊन म्हणतात, आणि तो आपल्याकडचाच आहे. सॅम ब्राऊन हा हिंदुस्थानातल्या घोडदळातला इंग्रज अधिकारी, १८५८ साली लढाईत त्याचा डावा हात गेला. म्यान सावरायला दुसरा हात नाही, म्हणून त्यानं हा पट्टा शोधून काढला. अमेरिकेत काही पोलीस खात्यांत अजूनही ड्यूटीच्या पट्ट्याला 'सॅम ब्राऊन'च म्हणतात. हे नाना प्रत्येक अमेरिकन माणसाला सांगतात. शेवटी "मेड इन इंडिया" असंही जोडतात, आणि समोरचा माणूस कोणत्या गोष्टीबद्दल कौतुक करायचं ते न कळून पट्ट्याकडे बघत राहतो.

नवी कोल्हापुरी चप्पल चावते हे ज्याला माहीत आहे त्याला नव्या हॉल्स्टरचं दुःख वेगळं सांगायला नको. ते इतकं घट्ट असतं की पिस्तूल आत जातं ते बाहेर यायला तयार होत नाही. त्यावर उपाय असा की रिकाम्या पिस्तुलाला मेणकागद गुंडाळायचा आणि रात्रभर आत ठेवून कातडं सैलवायचं. नानांनी तीन रात्री ते केलं. चौथ्या दिवशी त्यांचा धीर सुटला आणि आजोबा चपलेला द्यायचे तसं त्यांनी हॉल्स्टरला एरंडेल तेल दिलं. भरपूर दिलं. उन्हात ठेवून पुन्हा दिलं.

चपलेला मऊपणा हवा असतो. हॉल्स्टरला कडकपणा हवा असतो. नानांचं हॉल्स्टर ताकात भिजलेल्या पापडासारखं झालं. पिस्तूल बाहेर काढलं की त्याचं तोंड मिटायचं, आणि परत आत घालायला दुसऱ्या हातानं ते उघडून धरावं लागायचं. इथे मात्र हसून चालत नाही. मिटलेल्या तोंडाची लेदरची दुमड चाप दाबायच्या जागेत शिरली तर पिस्तूल आपोआप उडू शकतं, आणि समोर असते आपलीच मांडी. म्हणून चांगले कारागीर तोंडाशी कातड्याच्या दोन थरांत पोलादाची पट्टी शिवतात. नानांनी दुसरं घेतलं ते तसलं. आणि हॉल्स्टरच न वापरणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे एक गोष्ट तयार असते. प्लॅक्सिको बरेस. २००८ च्या फेब्रुवारीत या अमेरिकन फुटबॉल खेळाडूनं सुपर बोलमध्ये निर्णायक झेल घेऊन न्यूयॉर्क जायंट्सना जिंकून दिलं, आणि त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये ट्रॅकपँटीच्या कमरेत खोचलेलं पिस्तूल घसरलं, ते पकडायला गेला आणि स्वतःच्याच मांडीत गोळी मारून घेतली. दोन वर्षांची शिक्षा झाली. "एवढे कोट्यवधी डॉलर मिळवणारा माणूस," नाना सांगतात, "आणि सत्तर डॉलरचं हॉल्स्टर घेतलं नाही!" शिक्षा न्यूयॉर्कच्या परवान्याच्या कायद्याखाली झाली होती, पण नानांच्या मते ती हॉल्स्टर न घेतल्याची होती.

दुसऱ्या खोगिराचा त्रास आवाजाचा. बसता-उठता कर्रकर्र. कोल्हापुरात चप्पल कर्रकर्र वाजणं ही ऐट असते. लोक पैसे देऊन वाजणारी घेतात. पण ज्या वस्तूचं सगळं प्रयोजन कुणाला कळू नये हे आहे ती सत्यनारायणाच्या पूजेत, संकल्पाच्या शांततेत, आचमनासाठी पुढे झुकताना वाजते तेव्हा गुरुजींसकट सगळे मागे बघतात. गुरुजींनी पाट बदलून दिला. नव्या पाटावरही कर्रकर्र झालं तेव्हा त्यांनी नानांच्या गुडघ्यांसाठी एक तेल सुचवलं.

आणि घाम. ह्यूस्टनचा ऑगस्ट म्हणजे मुंबईचा मे महिना, वर समुद्राची दमट हवा, आणि त्यात कमरेच्या आत, कातडीला लागून, भरलेलं पाऊण किलोच्या वरचं यंत्र. लेदर घाम पितं. प्यायलेला घाम लोखंडाला पाजतं. दोन उन्हाळ्यांत पिस्तुलावर गंजाचे ठिपके आले आणि हॉल्स्टरला आषाढातल्या चपलेचा वास. घोड्याचं कातडं गाईपेक्षा चिवट असतं, घाम कमी पितं, म्हणून नानांनी तिसरं घोड्याच्या कातड्याचं मागवलं. कारागिरानं सहा महिने थांबायला सांगितलं. नाना थांबले. पार्सल आलं त्या आठवड्यात कोल्हापूरहून आई आल्या होत्या.

आईंनी ते हातात घेऊन वास घेतला. वास घेण्याची सवय घराण्यातली.

"कशाचं रे हे?"

"घोड्याचं, आई. गाईचं नाही." नानांनी अभिमानानं सांगितलं. हे उत्तर त्यांनी सहा महिने तयार ठेवलं होतं.

"खंडोबाचं वाहन कमरेला बांधतोस?"

नाना गप्प झाले. मग धीर करून त्यांनी सांगितलं की हत्तीच्या कातड्याचंही मिळतं, फार टिकतं.

"गणपती?" आई म्हणाल्या.

शहामृगाचं कातडं कुठल्याच देवाच्या वाट्याला आलेलं नव्हतं, पण त्याची किंमत ऐकून वहिनींनी स्वतःच नकार दिला. आई चहा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "रेड्याचं मिळत नाही होय? यमाचं वाहन. तुझ्या त्या कामाला तेच बरं."

अशा रीतीनं नाना प्लास्टिककडे वळले.

या प्लास्टिकला कायडेक्स म्हणतात. ऍक्रिलिक आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाचे पत्रे. १९६५ साली रोम अँड हास नावाच्या अमेरिकन कंपनीनं ते विमानांच्या आतल्या बाजूसाठी काढलं. आपण विमानात खिडकीशेजारी ज्याला डोकं टेकून झोपतो, त्या जातीचा माल. हे कळल्यापासून नाना मुंबईच्या विमानात बसले की आधी भिंतीवर टिचकी मारतात. मागच्या खेपेला शेजारच्या सीटवरच्या बाईंना त्यांनी भिंतीची जाडीही सांगितली. विमानात बसून तुमच्या बाजूच्या माणसानं भिंत ठोकून "हे चांगलं तापवलं की वाकतं" असं सांगितलं तर तुम्हाला कसं वाटेल? त्या बाईंनी सीट बदलून घेतली.

पण कायडेक्स खरंच गुणी आहे, हे मीही मान्य करतो. दोन मिलिमीटरचा पत्रा, घाम पीत नाही, वाजत नाही, वास नाही, तोंड मिटत नाही, नळाखाली धुता येतं. आणि पिस्तूल आत बसलं की "टक्" असा आवाज येतो. या "टक्"वर नानांचा जीव जडला. इतकी वर्षं नळाच्या जोडांत गळती शोधण्यात गेलेल्या माणसाला एखादी गोष्ट घट्ट बसल्याचा पुरावा कानांनी मिळावा, याहून मोठं सुख कोणतं? रिकामं, तपासलेलं पिस्तूल घेऊन ते संध्याकाळी बाहेरच्या खोलीत टक् टक् करत बसायचे. आतून वहिनी ओरडायच्या, "अहो, कुकरच्या शिट्ट्या मोजतेय मी!" एकदा वरणाला दोन शिट्ट्या कमी झाल्या आणि त्या दिवसापासून टकटकीला गॅरेजमध्ये हाकललं गेलं.

"आता लेदर म्हणजे जुनं मराठी नाटक," नाना मला सांगायचे. "वास चांगला, आवाज चांगला, पण पडदा वेळेवर उघडेल याची खात्री नाही." आणि वर, "भावा, पिस्तूलच निम्मं प्लास्टिकचं आहे. त्याला कातड्यात घालणं म्हणजे थर्मासला लोकरीचा स्वेटर."

मी विचारलं, "मग झालं ना? निवड झाली?"

निवड कशाची होते? कायडेक्स ज्या पिस्तुलावर ओतल्यासारखं घडवलेलं असतं त्याच्यावरच बसतं. पिस्तुलाला दिवा लावला की नवं हॉल्स्टर. वर नेम धरायची काच बसवली की नवं हॉल्स्टर. नानांनी दिवा लावला, काढला, काच बसवली, मग दिवा पुन्हा लावला. चार खोगिरं त्यातच गेली. मग जागेचा प्रश्न आला, आणि जागा या लोकांमध्ये घड्याळानं सांगतात. नाना ते मला माझ्याच पोटावर बोट ठेवून समजावत होते. "बेंबीवर बारा वाजले समज."

माझे तेव्हा खरोखरच बारा वाजले होते. जेवणाची वेळ टळून गेली होती.

"उजव्या कमरेवर तीन. त्याच्या जरा मागं चार. लेदर मी चारला लावायचो. आता सगळी तरणी पोरं एकला लावतात. पोटाला. पटकन निघतं, मागून कुणी ओढू शकत नाही."

पोरांना एकला पोट नसतं. नानांना एकला, दोनला आणि अकरालाही पोट आहे. कायडेक्सला सहानुभूती नसते. ते पोटाप्रमाणे वाकत नाही. गाडीत बसलं की वरची कड बरगडीखाली आणि खालची जांघेत. नानांनी पँटी कमरेत दोन इंच मोठ्या घेतल्या. मग त्या ढिल्या पडतात म्हणून दीड इंच रुंदीचा, फळीसारखा ताठ पट्टा घेतला. हॉल्स्टरच्या मागे फोमची पाचर चिकटवली, पुढे पंजासारखा एक काटा बसवला, तो पट्ट्यावर दाबून पिस्तुलाची मूठ आत वळवतो. एवढं करून ते उभे राहिले की खरंच काही दिसायचं नाही. फक्त त्यांना बुटाची नाडी बांधता यायची नाही. त्यांनी बिननाडीचे बूट घेतले. एका पिस्तुलापायी माणसाचं कपाट, चालणं, बसणं आणि पादत्राणं बदलली. पोट तेवढं राहिलं. वहिनींनी सुचवलं की एकवीस दिवस रोज चाललात तर बाकी काही घ्यावं लागणार नाही. ते एक्सेलमध्ये नोंदलं गेलं नाही.

एक्सेलमध्ये रकाने असे: सुख, लपणं, घाम, आवाज, काढायला लागणारा वेळ, किंमत, आणि शेवटचा रकाना वहिनींच्या अभिप्रायाचा. एकोणीस ओळींत शेवटच्या रकान्यात एकच मजकूर आहे: "कशाला हवंय?"

मग ते घरी घडवण्याचं प्रकरण. ते वहिनींसमोर काढायचं नसतं, पण सांगतो. कायडेक्सचा पत्रा साधारण १७० अंश सेल्सियसला तापवला की कणकेसारखा होतो. मग तो पिस्तुलावर घालून दोन फोमच्या गाद्यांमध्ये दाबायचा. त्यासाठी खऱ्या मापाचं निळ्या प्लास्टिकचं खोटं पिस्तूल विकत मिळतं. नानांनी पत्रा आणला, निळं पिस्तूल आणलं आणि वहिनी भिशीला गेल्यावर ओव्हन लावला. दिवाळी आठ दिवसांवर होती, वहिनींनी नानकटाईचा ट्रे आदल्याच दिवशी घासून ठेवला होता. नाना इंजिनिअर खरे, पण फॅरनहाइट आणि सेल्सियस यांच्या भानगडीत त्यांची बायकोच्या ओव्हनशी पहिलीच गाठ. पत्रा जाळीच्या पट्ट्यांमधून खाली लोंबला, मग थेंबांनी पडला. धुराचा गजर वाजला. घराला पीव्हीसीचा जो वास लागला तो पाडव्यापर्यंत गेला नाही, आणि त्या वर्षीची नानकटाई डॅलसच्या नणंदेकडून आली.

नाना हरले नाहीत. त्यांनी गॅरेजसाठी वेगळा छोटा ओव्हन घेतला. दुसऱ्या प्रयत्नात पत्रा बरोबर तापला, बरोबर बसला, गादीवर वजन म्हणून नाना स्वतः उभे राहिले. इतकं घट्ट बसलं की निळं पिस्तूल त्यातून पुन्हा निघालंच नाही. ते अजून त्यातच आहे. खोक्यात सगळ्यात वर ठेवलंय. "बघ फिटिंग," म्हणून नाना ते दाखवतात.

पुढे संकर झाला. पाठीला, म्हणजे अंगाकडच्या बाजूला, लेदर आणि पुढे कायडेक्सची खोळ. दोन्हीचे फायदे, असं जाहिरातीत होतं. लेदरनं घाम प्यायला, कायडेक्सनं ओरखडे काढले, आणि मधल्या स्क्रूनं नानांना टोचलं. १९५६ साली आपल्याला द्विभाषिक मुंबई राज्य मिळालं होतं, ते १९६० पर्यंत तरी टिकलं. नानांचं द्विभाषिक चार महिन्यांत मोडलं, आणि दोन्ही बाजूंनी गुंतलेले पैसे गेले.

शेजारी एक निवृत्त डेप्युटी शेरिफ राहतात, अंगणात गवत कापत असतात. तीस-पस्तीस वर्षं नोकरीत रोज पिस्तूल लावलेला माणूस. नाना त्यांच्याकडे एक हॉल्स्टर या हातात आणि एक त्या हातात घेऊन गेले, मीही मजा बघायला गेलो. "लेदर की कायडेक्स?" नानांनी विचारलं. शेरिफसाहेबांनी मशीन बंद केलं, थोडा विचार केला आणि मग स्वतःचा शर्ट उचलून कमरेकडे पाहिलं. आपण काय लावलंय ते त्यांना बघावं लागलं. नाना त्या रात्री जेवले नाहीत.

पिस्तूल लपवायची कायद्यानं सक्ती असती तर मी काही बोललो नसतो. टेक्सासात १९९६ पासून परवान्यावर पिस्तूल जवळ बाळगता येऊ लागलं, आणि तेव्हा ते झाकलेलंच हवं होतं. पण २०१६ च्या जानेवारीपासून परवानाधारकाला ते पट्ट्याच्या नाहीतर खांद्याच्या हॉल्स्टरमध्ये उघड्यावर लावायला मोकळीक झाली, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून तर एकवीस वर्षांवरच्या बहुतेक माणसांना परवानाही लागत नाही. एक अट मात्र राहिली: पिस्तूल उघड दिसत असेल तर ते हॉल्स्टरमध्ये हवं. सरकारनं परवाना सोडला, पण खोगीर सोडलं नाही. नानांनी ते कलम छापून फ्रिजवर लावलं. मी म्हणालो, "नाना, मग आता लपवायचं कशाला? लावा बाहेर आणि व्हा मोकळे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना जानवं सदऱ्यावरून घालायला सांगितलंय.

"अरे, कुणाला कळलं तर मग त्यात काय राहिलं?"

हे सांगणाऱ्या माणसानं कमरेला काय आहे ते मला, वहिनींना, गुरुजींना, पोस्टमनला आणि मराठी मंडळाच्या दोन माजी अध्यक्षांना वाकून, वळून, बसून दाखवलेलं होतं. पूर्ण केटीत नानांचं गुपित माहीत नसलेलं मराठी माणूस मिळणं कठीण होतं. एक होत्या. मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकू, त्या नुकत्याच मुलाकडे राहायला आल्या होत्या.

ऑगस्टमधला शनिवार, देशी किराणा दुकान. नाना वीस पौंडी सोना मसुरीची पिशवी उचलायला वाकले. खोगीर क्रमांक एकोणीस, पुन्हा लेदर, पुन्हा चारला. शर्ट ताणला गेला. काकू मागे कढीपत्त्याशी उभ्या होत्या.

"अहो, अहो, उचलू नका!" काकू धावत आल्या. "पट्टा दिसतोय हो तुमचा. हर्निया ना? आमच्या ह्यांना होता."

मी शेजारीच होतो. त्या क्षणी नानांच्या चेहऱ्यावर जे युद्ध झालं ते मी पाहिलं. नाही म्हणावं तर मग काय आहे ते सांगावं लागणार, आणि तेही मसाल्याच्या गल्लीत, भरल्या दुकानात. तेरा वर्षांत पहिल्यांदा गुपित राखायची खरी वेळ आली होती. नाना ताठ झाले.

"हो," म्हणाले. "जरासा आहे."

जरासा हर्निया रविवारी दुपारपर्यंत ह्यूस्टनभर पसरला. फोन आले. एकानं होमिओपॅथी सांगितली, एकानं शुगरलँडचा सर्जन. वहिनींना तिघींनी एकांतात धीर दिला. दोन घरांतून मऊ भात आला, एकीनं सुंठीची कढी पाठवली. वहिनींनी खरं काय ते कुणालाही सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांना ते आठ दिवस फार सुखाचे गेले असावेत.

गणपती आला. नाना दरवर्षी मूर्ती उचलणाऱ्या चौघांत पुढे उजवीकडे असतात. हॉलच्या दारावर ३०.०६ आणि ३०.०७ या कलमांचे फलक होते, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंचीच्या अक्षरांत: आत पिस्तूल नको, झाकलेलंही नको आणि उघडंही नको. त्याच्या खाली कुणीतरी मराठीत चिकटवलेलं, चपला येथे काढाव्यात. नाना नियमाचे पक्के. पिस्तूल गाडीतल्या कुलपाच्या पेटीत ठेवून, चपला काढून, रिकाम्या कमरेनं आत आले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं हलकं चालताना पाहिलं नव्हतं.

"नाना, तुम्ही नाही हं उचलायचं," चार जणांनी एकदम सांगितलं. कुणीतरी खुर्ची आणली. त्यांच्या जागी मला उभं केलं, मला ज्याला खरोखर पाठीचा त्रास आहे. मिरवणूक हॉलला फेरी मारत असताना मी पाहिलं, नाना झांजा मांडीवर ठेवून एकटेच बसले होते आणि भोवतीची सगळी माणसं त्यांच्या कमरेकडे बघत बघत पुढे जात होती. आज तिथे काहीच नव्हतं, आणि आज ते सगळ्यांना दिसत होतं.

मूर्ती ठेवून, कंबर धरून मी त्यांच्याजवळ आलो तेव्हा काकूंचे ते तिथे बसलेले होते. निवृत्त सर्जन, मिरजेचे, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी नानांच्या गुडघ्यावर हात ठेवून मायेनं विचारलं,

"पट्टा कसला वापरता? आमच्या वेळी लेदरचे यायचे, आत पोलादाची पट्टी असायची. फार चांगले. पण घामानं वास मारायचे. आता सगळं प्लास्टिक आणि फोम."

नानांनी मान वर केली. तेरा वर्षं ते सगळ्या जगाला हेच सांगत होते, आणि आज पहिल्यांदा कुणीतरी आपणहून विचारलं होतं. त्यांनी झांजा बाजूला ठेवल्या, खुर्ची डॉक्टरांकडे सरकवली आणि स्वतःच्या पोटावर बोट ठेवलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "बेंबीवर बारा वाजले समजा."